‘शू… हळू बोल’ म्हणण्याआधी : जात, रंग, धर्म आणि मुलांचे प्रश्न

नाशिकच्या कॉलेज रोडवर मोमोच्या गाडीपाशी आम्ही दोघी उभ्या होतो. माझी लेक तेव्हा साडेपाच वर्षांची. गाडीवरच्या मुलीने प्लेट पुढे केली आणि हिने खणखणीत आवाजात विचारलं, “आई, ही ताई चीनची आहे का?” मी “शू… हळू बोल” म्हणत तिचा हात दाबला, पैसे दिले आणि तिथून सटकले. स्कूटरवर मागून प्रश्न आला, “चीनचं असणं वाईट असतं का?”

मी तिला काहीच शिकवलं नव्हतं, पण ती शिकली होती. तिचा हिशेब सरळ होता : आई ज्याला शू म्हणते ते लाजेचं. पुढच्या खेपेला मीच त्या ताईला तिचं गाव विचारलं. ती मणिपूरची निघाली. म्हणाली, “दिवसातून दहा जण चीन, नेपाळ विचारतात, भारतातलं गाव कोणी विचारत नाही.” घरी येऊन आम्ही नकाशावर इंफाळ शोधलं. दहा मिनिटांचं काम होतं. आधीच्या ‘शू’ला एक सेकंद लागला होता आणि तो निस्तरायला पुढे बराच काळ गेला.

ज्या आईबाबांनी मुलांशी हे विषय कधीच काढले नाहीत, काढावेत असं वाटतं पण जीभ अडखळते, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. मी समुपदेशक नाही. दोन मुलांची आई आहे, नऊ वर्षं प्राथमिक शाळेत शिकवलं आहे आणि चुका भरपूर केल्या आहेत.

पहिले आठ दिवस फक्त ऐका

मुलांशी बोलण्याआधी स्वतःचं बोलणं ऐका. मी एक जुनी वही घेतली आणि घरात जे बोललं जातं ते रात्री लिहून ठेवलं. “उन्हात खेळू नको, काळी पडशील.” “आडनावावरून आपल्यातले वाटत नाहीत.” “त्या भय्याला सांग तिखट कमी टाक.” “रंगाने सावळी आहे, पण नाकीडोळी नीटस आहे.” “फ्लॅट घेताना एरिया बघून घे बाई.” या ‘एरिया’मध्ये काय काय मोजलं जातं, ते नाशिकमध्ये घर शोधलेल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. आठ दिवसांत चार पानं भरली. त्यातली दीड पानं माझी स्वतःची होती.

वहीत न मावलेली गोष्ट म्हणजे कप. आमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशींचा चहाचा कप वेगळा होता. कान तुटलेला, ओट्याखाली पालथा घातलेला. मी लग्न होऊन आले तेव्हापासून तो तिथेच. मला तो दिसायचाच बंद झाला होता. मग एकदा लेक भातुकली मांडून बसली. बाहुल्यांना चहा दिला आणि एक छोटी वाटी उचलून बाजूला ठेवली. “ही मावशींची. ही यांच्यात नाही मिसळायची.”

त्या रात्री मी सासूबाईंना म्हटलं, “आई, उद्यापासून मावशींना आपल्याच कपात चहा देते.” त्या म्हणाल्या, “अगं, आपण काही भेदभाव म्हणून नाही ठेवत. वळण पडलंय एवढंच.” मी म्हटलं, “हो. आता तेच वळण छोटीला लागतंय.” त्या गप्प झाल्या. सकाळी मी तो कप घंटागाडीत टाकला. दोन दिवस चहाच्या वेळी सासूबाई स्वयंपाकघरात फिरकल्या नाहीत, तिसऱ्या दिवशी आल्या. मावशी मात्र आठवडाभर ओट्याखाली वाकून जुना कप शोधायच्या. बसा म्हटलं की खुर्चीच्या अगदी कडेवर टेकायच्या. अजूनही टेकतात. एका बाजूने गोष्ट बदलली म्हणून दुसऱ्या बाजूचा अवघडलेपणा लगेच जात नाही, हेही मुलं बघतात. बघू द्या.

तेव्हा पहिलं काम हे : घरात जिथे जिथे ‘वेगळं’ ठेवलेलं असेल (कप, खुर्ची, लिफ्ट, पाण्याची बाटली) ते शोधा. ते आहे तिथेच ठेवून मुलांना समतेचे धडे दिलेत तर मूल कपावर विश्वास ठेवेल, धड्यावर नाही.

“लहान आहे, त्याला काय कळतंय”

कळतं. तीन महिन्यांची बाळंसुद्धा आपल्या भोवतीच्या माणसांसारखे चेहरे जास्त वेळ बघतात, हे अभ्यासांतून दिसलेलं आहे. त्यात द्वेष नसतो, सवय असते. द्वेष पुढे आपण भरतो.

अमेरिकेत १९४० च्या दशकात केनेथ आणि मेमी क्लार्क या कृष्णवर्णीय मानसशास्त्रज्ञ जोडप्याने लहान मुलांपुढे सारख्याच बाहुल्या ठेवल्या, फरक फक्त रंगाचा. चांगली बाहुली कोणती म्हटल्यावर बऱ्याच कृष्णवर्णीय मुलांनीही गोरी बाहुली उचलली. शाळांमधलं वर्णभेदी विभाजन बेकायदा ठरवणाऱ्या १९५४ च्या तिथल्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालात या कामाची दखल घेतली गेली. ही गोष्ट लांबची वाटत असेल, तर आपल्याकडे गोरेपणाच्या सर्वांत खपाऊ क्रीमने नावातून ‘फेअर’ हा शब्द कधी काढला ते आठवा : २०२० मध्ये. तोवर आपल्या सगळ्यांची लहानपणं उरकली होती.

दुसरा एक प्रयोग मला जास्त महत्त्वाचा वाटतो. रिबेका बिगलर या मानसशास्त्रज्ञांनी वर्गातल्या मुलांना दोन रंगांचे टी-शर्ट वाटले. काही वर्गांत बाई सतत रंगाने बोलायच्या : या रंगाच्यांनी इकडे बसा, त्या रंगाच्यांनी तिकडे. काही आठवड्यांत त्या मुलांना आपल्या रंगाची मुलं जास्त चांगली वाटू लागली. ज्या वर्गांत बाईंनी रंगाचा उल्लेखच केला नाही, तिथे तसं झालं नाही.

हे ऐकून माझा नवरा म्हणाला, “मग आपणही उल्लेख न करणंच बरं.” वर्गापुरतं बरोबर आहे. पण आपल्या गावात तो उल्लेख कोणी ना कोणी रोज करत असतं. पहिल्याच भेटीत “आडनाव काय?”, त्यावरून कळलं नाही तर “मूळचे कुठले?”, तरीही कळलं नाही तर “देव कुठला तुमचा?” टी-शर्ट आधीच वाटून झालेत. आपण गप्प बसलो तर मुलाला एकट्याने अर्थ लावावा लागतो.

तीन ते पाच : रंगांपासून सुरुवात

या वयात भाषण नको. एक वाक्य, जास्तीत जास्त दोन.

“हे काका एवढे काळे का?” याला “शू” ऐवजी म्हणा : “सगळ्यांच्या कातडीत मेलॅनिन नावाचा रंग असतो. त्यांच्यात जास्त आहे, तुझ्यात थोडा कमी. तो उन्हापासून जपतो.” काकांनी ऐकलं असेल तर त्यांच्याकडे बघून हसा, मूल शिकतंय असं म्हणा. मला आजवर कोणी रागावलं नाही. सटकणाऱ्या आईचा मात्र लोकांना राग येतो, आणि योग्य येतो.

घरी करायचा एक खेळ. रंगीत खडूंच्या डब्यात एका फिकट गुलाबी खडूला मुलं ‘स्किन कलर’ म्हणतात. कोणाची स्किन? आमच्या घरात त्या रंगाचं एकही माणूस नाही. रविवारी बशीत तपकिरी, पिवळा, पांढरा आणि चिमूटभर लाल रंग घ्या आणि प्रत्येकाच्या मनगटाशेजारी ब्रश धरून ज्याचा त्याचा रंग तयार करा. आबांचा रंग बनवायला आमच्याकडे चार वेळा तपकिरी घालावा लागला. आबा खूश. त्या रंगांना मुलांनीच नावं दिली : गुळाचा, चहाचा, भाजलेल्या शेंगदाण्याचा. नंतर चित्रांमधली माणसं गुलाबी यायची बंद झाली.

पंचवटीत गेलात तर आणखी एक आयती संधी असते. देवाचं नावच काळाराम, मूर्ती काळी, देऊळही काळ्या दगडाचं. ज्या तोंडाने आपण तिथे हात जोडतो, त्याच तोंडाने घरी येऊन पोरीला हळद-बेसन लावतो. माझ्या लेकीने हे माझ्याआधी पकडलं : “राम काळा चालतो, मग मी का नाही?” मी बेसनाचा डबा परत जागेवर ठेवला.

सहा ते नऊ : डबा, बोली, आणि पानांचे घागरे

या वयात मुलं गट करतात. गटासाठी कोणाला तरी बाहेर ठेवावं लागतं, आणि त्यासाठी हाताशी असतं ते वापरतात. “तिच्या डब्याला वास येतो.” “तो अहिराणी बोलतो, गावठी आहे.” सटाणा-मालेगावकडून नाशिकला आलेली कितीतरी मुलं शाळेच्या दारात आपली बोली काढून ठेवतात आणि घरी गेल्यावर पुन्हा घालतात.

डब्याबाबत एकच नियम आमच्याकडे आहे : दुसऱ्याच्या जेवणाला ‘छी’ म्हणायचं नाही. आवडत नसेल तर “मला नको” म्हणायचं. “आपण नाही खात” हेही चालतं, पण त्याला “कारण ते घाण असतं” असं शेपूट जोडायचं नाही. आम्ही शाकाहारी आहोत, आणि हे शेपूट शाकाहारी घरांत फार सहज फुटतं म्हणून मुद्दाम सांगते.

वाळीत टाकणं म्हणजे काय, हे सांगायला त्र्यंबकेश्वरला चला. तिथे निवृत्तिनाथांची समाधी आहे. निवृत्ती, ज्ञानदेव, सोपान, मुक्ताई या चौघांना ‘संन्याशाची पोरं’ म्हणून समाजाने बाहेर ठेवलं. वडील गुरूच्या आज्ञेवरून संन्यास सोडून संसारात परतले, त्याची शिक्षा मुलांना. ही गोष्ट मुलांना आधीच माहीत असते, पण आपण ती चमत्कारांसाठी सांगतो : भिंत चालली, रेडा बोलला. एकदा चमत्कार बाजूला ठेवून विचारा, “त्यांच्याशी कोणी खेळत नसेल तेव्हा मुक्ताईला काय वाटलं असेल?” माझा मुलगा तेव्हा सात वर्षांचा होता. बराच वेळ गप्प बसून म्हणाला, “आमच्या वर्गात एक आहे तसा.” मग नाव निघालं, आणि त्यात आपण स्वतः काय करतो तेही.

याच वयातला दुसरा प्रसंग स्नेहसंमेलनाचा. मुलाच्या शाळेतून निरोप आला : आदिवासी नृत्य, काळा टी-शर्ट, पानांचा घागरा, चेहऱ्याला काळा रंग. आपला जिल्हा हा पेठ, सुरगाणा, त्र्यंबक, दिंडोरी, कळवणचा. कोकणा, महादेव कोळी, वारली लोकांचा. मुलाच्या वर्गातच एक मुलगा सुरगाण्याकडचा होता. वारली चित्रं आपण सोसायटीच्या भिंतीवर हौसेने काढून घेतो, आणि ती काढणारे लोक दाखवायचे म्हणून आपल्या मुलांना तोंडाला काजळी फासून उभं करतो.

मी बाईंना भेटले. “मॅडम, मुलं एन्जॉय करतात हो,” असं उत्तर मिळालं. भांडले नाही. एवढंच म्हटलं, “वर्गात त्या समाजाचा मुलगा आहे. तो घरी जाऊन काय सांगेल?” त्या वर्षी काळा रंग गेला, पानं राहिली. पुढच्या वर्षी बाईंनी स्वतःहून त्या मुलाच्या आईला बोलावलं. त्या म्हणाल्या, “पावरी या वाद्यावर आमच्यात लग्नात नाचतात, ते शिकवते. पण आम्ही पानं नेसत नाही, साडी नेसतो.” नाच झाला. बसला नाही फारसा, मुलांचे पाय चुकत होते. तरी त्या रांगेत तो सुरगाण्याचा मुलगा पहिल्यांदाच पुढे होता.

शाळेशी बोलताना माझे आडाखे : पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर विषय काढू नका, समोर जाऊन बोला. “तुम्ही जातीयवादी आहात” असं म्हणालात की संभाषण संपलं. “अमुक मुलाला काय वाटेल” असं विचारलंत तर शिक्षक बहुतेक वेळा ऐकतात.

दहाच्या पुढे : गावच दाखवा

आता मुलांना ‘का’ हवं असतं. नाशिककरांना त्यासाठी पुस्तकापेक्षा रिक्षा जास्त उपयोगी.

आधी काळाराम मंदिर, पण या वेळी पूर्व दरवाज्यासमोर थांबा. २ मार्च १९३० रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली इथे सत्याग्रह सुरू झाला. नाशिकमधली धुरा भाऊराव म्हणजे दादासाहेब गायकवाड यांच्याकडे होती. हजारो माणसं आली होती, मागणी एवढीच की आम्हालाही देवळात येऊ द्या. दरवाजे बंद केले गेले. रामनवमीच्या रथाच्या वेळी दगडफेक झाली. सत्याग्रह वर्षानुवर्षं चालला, दार उघडलं नाही. मग १३ ऑक्टोबर १९३५ ला आपल्याच जिल्ह्यात, येवल्याला, बाबासाहेबांनी जाहीर केलं की हिंदू म्हणून जन्मलो तरी हिंदू म्हणून मरणार नाही. २१ वर्षांनी, १४ ऑक्टोबर १९५६ ला, नागपूरला त्यांनी बौद्ध धम्म स्वीकारला. येवल्याला मुक्तिभूमी आहे. पैठणीच्या खरेदीला जाता, तेव्हा अर्धा तास तिथेही जा.

लेकीने विचारलं, “अडवणारे कोण होते?” इथे पुन्हा ‘शू’ जिभेवर येतो. “पूर्वीचे लोक” म्हणून सुटता येतं. मी म्हटलं, “आपल्यासारख्या घरांमधले. तुझे खापरपणजोबा तेव्हा नाशिकमध्येच होते. ते त्या दिवशी काय करत होते ते मला माहीत नाही, पण ते सत्याग्रहींबरोबर बसलेले नव्हते.” तिला अपराधी वाटावं असा हेतू नव्हता, आणि तसं वाटलंही नाही. ती म्हणाली, “मी असते तर बसले असते.” चांगलं आहे. मी सांगितलं, आजही अशी दारं असतात, तेव्हा बसायची तयारी ठेव.

दुसरी जागा पांडवलेणी. आम्ही पाथर्डी फाट्याला राहतो, त्यामुळे ती आमची सकाळची चढण. या डोंगराचं जुनं नाव त्रिरश्मी, लेणी बौद्ध भिक्षूंची, पांडवांचा संबंध नंतर जोडलेला. तिसऱ्या लेण्यात गौतमी बलश्री या सातवाहन राणीचा मोठा शिलालेख आहे. दान भिक्षूंना, म्हणजे मन मोठं. आणि त्याच लेखात आपल्या मुलाची, गौतमीपुत्राची, थोरवी सांगताना त्याने चार वर्णांचा संकर थांबवला असंही कौतुकाने कोरलं आहे. एकाच माणसाच्या मनात दोन्ही नांदतं, हे किशोरवयीन मुलांना दगडात दाखवता येतं.

मग सतराव्या लेण्याकडे जा. ते कोरवून घेतलं इंद्राग्निदत्ताने. तो स्वतःला यवन (त्या काळच्या भाषेत ग्रीक) म्हणवतो आणि सांगतो की मी उत्तरेकडचा, दत्तामित्री गावचा. म्हणजे दोन हजार वर्षांपूर्वीच्या आसपास होऊन गेलेला आपल्या गावातला ‘भय्या’. सातपूर-अंबडच्या कारखान्यांत उत्तर प्रदेश-बिहारमधून आलेल्या माणसांबद्दल “हे बाहेरचे लोक” असं मुलाने ऐकून आणलं, की मी त्याला या माणसाची आठवण करून देते.

“त्याला कमी मार्कांत कशी ॲडमिशन?”

नववी-दहावीत हा प्रश्न येतोच, आणि बहुतेकदा तो आपल्याच हॉलमधल्या गप्पांतून आलेला असतो. उत्तर टाळू नका, तपशील द्या. शाहू महाराजांनी २६ जुलै १९०२ ला कोल्हापूर संस्थानात मागासलेल्यांसाठी निम्म्या जागा राखल्या, तेव्हा दरबारी नोकऱ्यांत कोण होतं याचा हिशेब त्यांनी पाहिला होता. आज राज्यात अनुसूचित जातींना १३ टक्के आणि अनुसूचित जमातींना ७ टक्के जागा आहेत. २०१९ पासून खुल्या वर्गातल्या आर्थिक दुर्बलांनाही १० टक्के आहेत, हे चर्चेत सगळे सोयीने विसरतात. मग मुलाला एकच विचारा : मॅनेजमेंट कोट्यातून पैसे भरून आलेल्या मुलाचे मार्क कोणी काढतं का?

वाद घालू दे त्याला. माझी भाची अजूनही माझ्याशी सहमत नाही. पण वर्गात कोणाला ‘कोट्यातला’ म्हणणं तिने बंद केलं, तूर्त तेवढं पुरे.

चिडवलं जाणारं मूल तुमचं असेल तर

इथवर मी माझ्यासारख्या घरांसाठी लिहिलं. ही बाजू मी माझ्या मैत्रिणीकडून शिकले. तिचे वडील नाशिक रोडच्या प्रेसमधून निवृत्त झाले, घर बौद्ध, घरात बाबासाहेबांचा मोठा फोटो. मी हा लेख लिहिते आहे म्हटल्यावर ती हसली. “तुम्ही मुलांना ‘सगळे सारखे’ शिकवता. आम्ही मुलांना ‘कोणी काही बोललं तर काय करायचं’ ते शिकवतो. आम्हाला दहाव्या वर्षाची वाट बघायची चैन नाही.”

तिच्या पद्धतीतलं मला उमगलं ते असं. ओळख जगाने सांगण्याआधी घरात सांगायची, आणि अभिमानाने : आपण कोण, पणजोबा सत्याग्रहाला कसे गेले, आजी कशी शिकली. दुःखाच्या गोष्टींच्या आधी या. पुढे कोणी आडनावावरून कुजबुजलं, तर मुलाच्या हातात आधीच काहीतरी असतं. दुसरं, मूल रडत घरी आलं तर “दुर्लक्ष कर” म्हणायचं नाही. “काय म्हणाला, कुठे, कोण होतं तिथे?” असं शांतपणे विचारायचं आणि तारखेसकट लिहून ठेवायचं. तिसरं, मुलाला एक वाक्य पाठ करून द्यायचं. तिच्या लेकाचं वाक्य आहे : “असं परत बोलू नको. मी बाईंना सांगणार आहे.” आरशासमोर उभं राहून सराव केला होता त्याने.

एकदा त्याला ते वाक्य वापरावं लागलं. त्या वेळी माझा मुलगा त्याच्या शेजारी उभा होता आणि काहीही बोलला नाही. हे मला मैत्रिणीनेच सांगितलं, तक्रारीच्या सुरात नाही, माहिती म्हणून. त्यानंतर आम्ही आमच्याकडेही सराव सुरू केला. शेजारी उभ्या असलेल्याचं वाक्य वेगळं असतं : “ए, बस कर,” आणि मग मित्राला, “चल, आपण जाऊ.” सोपं वाटतं. आठ वर्षांच्या मुलाला दहा वेळा म्हणायला लावा, मग कळेल.

शाळेने हात झटकले तर कायदा माहीत असावा. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ नुसार मुलाला मारणं आणि त्याचा मानसिक छळ करणं, दोन्हीला मनाई आहे. अस्पृश्यता पाळणं हा १९५५ च्या नागरी हक्क संरक्षण कायद्याने गुन्हा आहे, आणि अनुसूचित जाती-जमातींवरच्या अत्याचारांसाठी १९८९ चा कायदा आहे. मुलांसाठीची हेल्पलाइन १०९८. मुलामुलांतल्या चिडवण्यासाठी मी पहिल्या दिवशी पोलिसांकडे जाणार नाही. पण मोठ्या माणसाने, शिक्षकाने किंवा शाळेने केलं असेल, तर आधी लेखी अर्ज आणि त्याची पोच घेतल्याशिवाय ऑफिसमधून हलायचं नाही, असं मैत्रीण सांगते.

चूक आपल्या मुलाची असेल तर

पार्किंगमध्ये मुलगा वॉचमनच्या मुलाला ओरडला, “ए बहादूर, बॉल आण!” मी गॅलरीतून ऐकलं. खाली जाऊन चारचौघांत झापलं नाही, वर बोलावलं. “त्याचं नाव काय?” “माहीत नाही. सगळे बहादूरच म्हणतात.” खरं होतं. त्याच्या वडिलांनाही सगळी बिल्डिंग बहादूरच म्हणायची. तीन वर्षं गेटवर असलेल्या माणसाचं नाव मलाही माहीत नव्हतं. मुलाला काय रागावणार?

दोघे मिळून खाली गेलो. मी वडिलांना म्हटलं, “दादा, आम्ही तुमचं नाव कधी विचारलंच नाही, चुकलं आमचं.” त्यांनी नाव सांगितलं, थोडं अविश्वासाने. मुलाने त्या मुलाला त्याचं नाव विचारलं आणि बॉल स्वतः आणला. जबरदस्तीचं ‘सॉरी’ मी वदवून घेतलं नाही. मूल ते पायाच्या अंगठ्याने जमीन उकरत म्हणतं, आणि समोरच्यालाच लाज वाटते.

घरातल्या मोठ्यांचं काय करायचं

सुधारायला जाऊ नका. थांबवा, तेही थोडक्यात. आबा टीव्हीवर मॅच बघताना एका समाजाबद्दल जे बोलतात, त्यावर मी एवढंच म्हणते, “आबा, मुलं आहेत.” ते कुरकुरतात आणि थांबतात. नंतर एकांतात मुलांना सांगते, “आबांचं मला पटत नाही. आबा तरीही आपलेच.” मुलांना हे झेपतं, आपल्याला वाटतं त्यापेक्षा चांगलं. माहेरच्या लग्नात मात्र मी दोनदा गप्प बसले आहे, ते मुलांनी पाहिलं आहे, आणि त्यांनी मला विचारलंही आहे.

धर्माबद्दल बोलणं मला स्वतःला सर्वांत जड जातं. जातीबद्दल निदान इतिहास सांगून सुरुवात करता येते. इथे रोजचा फोन आडवा येतो. मुलगा एकदा शाळेतून ऐकून आला, “ते पाकिस्तानच्या बाजूचे असतात.” मी विचारलं, “तू कितीजणांना ओळखतोस?” एकही नाही. म्हणून आम्ही जुन्या नाशकात जायला लागलो, दूधबाजारात खरेदी, कधी नुसतं फिरणं. आमच्या गाडीचा मेकॅनिक त्याच भागातला. मुलाने त्याला क्रिकेटबद्दल विचारलं, आणि दोघांचा आवडता बॅट्समन एकच निघाला. एका मेकॅनिकवरून लाखो माणसांबद्दलचं मत बनत नाही, चांगलंही नाही आणि वाईटही नाही, हे कळतं मला. तरी शून्यापेक्षा एक बरा.

परत येताना लेकीने, ती आता अकराची आहे, मागच्या सीटवरून विचारलं, “आपल्या सोसायटीत चौऱ्याऐंशी फ्लॅट आहेत. त्यात एकही मुस्लिम घर कसं नाही?” नवऱ्याने आरशातून माझ्याकडे बघितलं. मला उत्तर अंदाजाने माहीत होतं. गेल्या वर्षी तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट भाड्याने द्यायचा होता तेव्हा काय चर्चा झाली, तेही माहीत होतं. त्या मीटिंगला मी हजर होते.

मी शू म्हटलं नाही. “येत्या रविवारी सोसायटीची मीटिंग आहे, तिथे विचारते,” असं म्हटलं.

“मी येऊ?” ती म्हणाली.

मुलांना मीटिंगला नेत नाहीत. यावेळी नेणार आहे.